जाळेवाल्यांच्या गल्लीचा हात

बंदर बघायला येणारी माणसं आधी दीपगृहाकडे जातात, कारण ते लांबून दिसतं. मग किल्ल्याच्या तटावर चढतात, फोटो काढतात आणि उतरताना गुडघे धरतात. मग खलाशांचं कब्रस्तान. तिथल्या दगडांवर इतक्या लिपी आहेत की अर्ध्यांहून जास्त कोणालाच वाचता येत नाहीत, तरी सगळे वाचल्यासारखं तोंड करतात. आणि ऊन डोक्यात गेलं, पायांचे तुकडे पडले, की सगळ्यात शेवटी संग्रहालयात येतात. कशाला? तिथे पंखे आहेत.

संग्रहालय म्हणजे पूर्वीची जकातीची वखार. भिंती एवढ्या जाड की खिडकीत माणूस आडवा झोपेल, आणि दुपारी पहारेकरी झोपतोच. खालच्या दालनात प्लास्टरची माणसं उभी आहेत. या किनाऱ्यावर जे जे बोटीतून उतरले आणि जे आधीपासूनच इथे होते, ते सगळे: मासळीवाली, खलाशी, दोरखंड वळणारा, मिरीचा व्यापारी, शिंपी, तांब्याची भांडी घडवणारा, कुठल्या तरी राजाचा शिपाई. माणसं प्लास्टरची, पण कपडे खरे. आणि ते कपडे सांभाळणारी टाचणी.

तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच लागतं. एरवी टाचणी, कारण तोंडात कायम टाचण्या. ओठांच्या कोपऱ्यात एक रांग धरून ती बोलते, हसते, भांडतेसुद्धा, आणि एकही पडत नाही. नवखा माणूस तिच्याशी बोलताना दोन पावलं मागे सरकतो. काम तसं साधं. दालन बंद असतं त्या दिवशी पुतळ्यांचे कपडे उतरवायचे, धुवायचे, वाळवायचे, उसवलेलं शिवायचं, परत चढवायचे. वाळवी, बुरशी, समुद्राची खारी हवा, यातलं काही ना काही कुठल्या तरी कॉलरला लागलेलंच असतं. खलाशाची पँट तर तिने इतक्या वेळा रफू केली आहे की मूळ कापड आता खिशापुरतंच उरलंय. वरच्या ऑफिसातल्या मॅडम पाहुण्यांना सांगतात, हे अस्सल जुनं वस्त्र आहे. टाचणी गप्प बसते. अस्सल आहे. जुनंही आहे. फक्त सगळंच एका वेळचं नाही, एवढंच.

टाचणी शिंप्यांच्या गल्लीतली. तिचा आजोबा बोटीतून उतरला तेव्हा बरोबर एक कात्री होती आणि इथे कोणालाच न कळणारी भाषा होती. ती लग्न करून जाळेवाल्यांच्या गल्लीत गेली तेव्हा दोन्हीकडच्यांनी नाकं मुरडली. शिंपी म्हणाले, पोरगी जन्मभर मासळीच्या वासात राहणार. जाळेवाले म्हणाले, सुई धरणारी पोरगी ही, माशाचा काटा टोचला तर चार दिवस अंथरुणात पडेल. नवरा मालवाहू बोटीवर, महिनोन्महिने बाहेर. घरात उरल्या सासू आणि सून. शेजारच्या घरात नणंद, जिच्या पोटात तीळभरही राहत नाही.

आता हातांचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

संग्रहालय बांधलं तेव्हा मोठी भांडणं झाली. आमचा माणूस मागे का, त्यांचा पुढे का, आमच्या व्यापाऱ्याचं पोट एवढं का सुटलंय. पुतळे करणारा कारागीर बाहेरचा होता. त्याने सगळ्यांची तोंडं मनाने केली, त्यामुळे सगळ्यांना एकच नाक. गल्ल्या पुन्हा पेटल्या. शेवटी मिटवामिटवी अशी झाली की प्रत्येक गल्लीने एक जिवंत माणूस द्यायचा आणि त्याच्या उजव्या हाताचा साचा काढून तोच हात त्या पुतळ्याला लावायचा. नाक कोणाचंही असू दे, हात आपला. तेव्हापासून गल्लीत बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला संग्रहालयात नेतात, 'आमचा हात' दाखवतात. नुसता दाखवत नाहीत, हातात हात घेऊन हलवतात. पाटीवर लिहिलंय, हात लावू नये. पहारेकरी त्या वेळी खिडकीबाहेर बघतो. त्याच्याही गल्लीचा हात आहे आत.

मासळीवालीचा हात टाचणीच्या सासूचा. ती तेव्हा नवी नवरी होती आणि मासा साफ करायला तिच्या तोडीची बाई गल्लीत नव्हती, म्हणून गल्लीने तिलाच पुढे केलं. आता त्या सासूची बोटं आल्याच्या तुकड्यासारखी वाकडी झाली आहेत, मूठ मिटत नाही, पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. जीभ तेवढी शाबूत, तिला काही झालेलं नाही.

पुतळ्यांचे हात मनगटात खुंटीवर बसवलेले असतात. पाव फेरा दिला की निघतात, नाहीतर बाह्या चढणारच कशा? धुण्याच्या दिवशी टाचणी आधी सगळे हात काढून खिडकीत चादरीवर ओळीने ठेवते. त्या दिवशी सासू येते. स्टुलावर बसते, हात पुढे करते, टाचणी तिचा तरुणपणीचा हात तिच्या मांडीवर ठेवते. मग सासू बसून राहते, मांजराचं पिल्लू घेतल्यासारखी. बोलत नाही, टोमणा नाही, खोकतसुद्धा नाही. टाचणीच्या संसारातली तेवढीच शांतता.

आणि हाच हात टाचणीने घालवला.

झालं असं, की वर्षानुवर्षं लोकांनी धरून धरून तो काळाकुट्ट झाला होता. गल्लीत एका लग्नाचे पाहुणे येऊन गेले आणि त्यांनी तर त्याची पार रया घालवली. दुसऱ्या दिवशी धुणं होतं, सासू दुपारी येणार होती. टाचणीला वाटलं, म्हातारीच्या हातात असला मळका हात कसा द्यायचा? तिने आयुष्यभर मळलेली वस्तू दिसली की एकच केलं आहे. साबणाची बादली भरलेलीच होती. टाकला भिजत.

प्लास्टरला पाणी चालत नाही हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण पुतळ्यांना तेलाचा रंग असतो, ओल्या फडक्याने ती रोजच पुसते, काही होत नाही. या हाताचा रंग माणसांनी केव्हाच घासून नेला होता, हे ती विसरली. व्यापाऱ्याचा डगला पिळून आली, हात बाहेर काढला, ब्रश मारला, आणि अंगठा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा ब्रशाबरोबर आला. मग करंगळी. मग तिने घाबरून दाबून धरलं, तर उरलेली बोटंही चेपली. बादलीत दुधासारखं पाणी आणि तिच्या हातात एक पांढरा लगदा, ज्याला हात म्हणायचं तर मोठी श्रद्धा लागेल.

तिने सासूला निरोप पाठवला, आज धुणं नाही, पाणीच आलं नाही. आणि सरळ भावाकडे गेली.

भाऊ गिलावा करणारा. किल्ल्याच्या भेगा, दीपगृहाचा पोपडा, सगळ्या प्रार्थनाघरांच्या कमानी, या गावात जे जे जुनं आहे आणि पडत नाही, ते त्याच्या थापीमुळे. त्याने लगदा बघितला.

"साबण कुठला?"

"कपड्याचा."

"ब्रश?"

"तोही कपड्याचाच."

"मग नीळ का नाही घातलीस?"

"दादा, मस्करी नको. तिला कळलं ना, तर ती बोलणार नाही. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. ती गप्प बसेल. आणि मग परत कधी यायची नाही तिथे. तिला दुसरीकडे जायला काय आहे?"

भावाने थापी धुतली. "नणंदेला बोलाव. पोटची पोर आहे, बोटं आईवर गेली असतील. तिचा साचा काढू."

"तिला बोलावलं तर हात वाळायच्या आत बंदरातल्या बोटींना कळेल."

"मग राहिलं कोण?"

टाचणीने उजवी बाही वर केली.

भावाने तो हात उलटापालटा करून बघितला. "जाळेवाल्यांच्या बाईला शिंप्यांचा हात लावणार तू. गल्लीला कळलं तर काय होईल, विचार केलास?"

"हाकलतील."

"माहेरी येशील म्हणजे. तुझ्या खोलीत आता कोंबड्या आहेत, सांगून ठेवतो."

त्याने तिच्या हाताला कोपरापर्यंत तेल चोपडलं, मनगटापासून बोटांवरून एक दोरा फिरवला आणि वर प्लास्टर थापलं. प्लास्टर घट्ट होताना तापतं. टाचणीला ते माहीत नव्हतं. ती म्हणाली, भाजतंय. तो म्हणाला, हलू नको. ती म्हणाली, खाजतंय. तो म्हणाला, खाजू दे. अर्धवट घट्ट झाल्यावर त्याने दोरा ओढून साच्याचे दोन भाग केले आणि सोडवताना तिच्या हातावरचे सगळे केस उपटले गेले. मग साच्यातून जे निघालं ते इतकं नवंकोरं दिसत होतं की चोरी लगेच पकडली गेली असती. त्याने रंग मारला, जिथे लोक धरतात तिथे घासून काढला, चहाचं पाणी आणि काजळी चोळली. हात लग्नाच्या पाहुण्यांनी धरला होता तसा मळका झाला. म्हणजे सगळी खटपट ज्या मळासाठी झाली, तोच मळ पैदा करायला भावाची अख्खी दुपार गेली.

पुढच्या धुण्याला सासू आली. नणंदेने तिला हाताला धरून आणलं आणि स्वतः पण बसली, कारण बाहेर ऊन होतं आणि घरी काम होतं.

"दे गं," सासू म्हणाली.

टाचणीने हात तिच्या मांडीवर ठेवला. टाचण्या तिने आधीच तोंडातून काढून ठेवल्या होत्या, चुकून गिळायला नकोत.

सासूने वाकड्या बोटांनी चाचपायला सुरुवात केली. मनगट. तळवा. एकेक बोट, बुंध्यापासून टोकापर्यंत. मध्येच थांबली.

"गार लागतोय."

"खिडकीत होता, आई."

"हं." पुन्हा चाचपलं. तर्जनीच्या टोकाशी थांबली. "इथे हे काय? बारीक बारीक खड्डे लागतायत. हे आधी नव्हतं."

टाचणीचं सुईने टोचलेलं बोट. भावाच्या प्लास्टरने तेही इमानदारीने उतरवलं होतं. ती हात परत घ्यायला वाकली. तेवढ्यात सासू स्वतःच म्हणाली, "जाळ्याची सुई. त्या वर्षी वादळात सगळी जाळी फाटली होती ना. रात्रंदिवस विणत होतो आम्ही. बघ, विसरलेच होते मी." आणि तिचा चेहरा उजळला. "बघ गं पोरी," ती नणंदेला म्हणाली, "धरून बघ. याला म्हणतात हात. सूनबाई, तुझा आण इकडे."

"माझा कशाला?"

"आण म्हणते ना."

सासूने एका हातात प्लास्टरचा आणि दुसऱ्या हातात जिवंत हात धरला. तोलून बघितल्यासारखं केलं.

"काही वळण आहे का याला? नुसती फळी. आणि हा बघ. बोटं कशी निघाली आहेत."

नणंद वाकून बघत होती. "आई, मला तर दोन्ही सारखेच दिसतात."

"तुला डोळे आहेत, म्हणून तसं दिसतं," सासू म्हणाली. विषय संपला.

टाचणी वाचली. त्या दिवशी तिने शिपायाचा कोट गुणगुणत धुतला. पण सुटका झाली ती संग्रहालयात. घरी वेगळंच सुरू झालं. जुन्या हातावर सासू गप्प बसायची, या नव्या हाताने मात्र तिला बोलतं केलं. टाचणीने कांदा चिरला की, संग्रहालयातल्या हाताने चिरला असता तर कागदासारखा पातळ निघाला असता. दोरीवर चादर वाकडी पडली की, हात असावा तर तसा. शेजारणी बसायला आल्या की, मनगट काय होतं माझं, बारीक पण काटक, नाहीतर आमच्या सूनबाईचं बघा. शेजारणी बघायच्या. टाचणी मनगट मागे घ्यायची. एवढं कौतुक तिच्या वाट्याला आयुष्यात आलं नव्हतं, आणि त्यातलं रतीभरही तिच्या नावावर लागत नव्हतं. नवऱ्याचा लांबच्या बंदरातून फोन आला तेव्हा सासूने त्यालाही ते सगळं ऐकवलं. तो म्हणाला, हो आई. तो नेहमीच हो आई म्हणतो, बोट बुडत असली तरी म्हणेल.

शेवटी गाडी अडली ती एका माशावर. टाचणी साफ करत होती, सासू भिंतीला टेकून ऐकत होती. तिला आवाजावरून सगळं कळतं.

"उलटा धरलायस."

"सुलटाच आहे, आई."

"खवल्यांचा आवाज सांगतो मला. त्या हाताने असा एक फटकारा मारला असता ना..."

"तो हात माझाच आहे," टाचणी म्हणाली.

सुरी थांबली. बोलून गेल्यावर तिला वाटलं, जीभ तोडून ताटात ठेवावी. पण गेलेलं गेलं.

"कुठला?"

"संग्रहालयातला. तुम्ही मांडीवर घेता तो. माझ्या हाताचा साचा आहे. दादाने काढला."

सासूने भिंतीवरची पाठ काढली. आता ही हसेल, नाहीतर ओरडेल, नाहीतर नणंदेला हाक मारेल, असं टाचणीला वाटलं. तिने यातलं काहीच केलं नाही.

"मग माझा कुठे गेला?"

"बादलीत. मळला होता म्हणून भिजत घातला. विरघळला."

"सगळा?"

"सगळा."

बाहेर कोणीतरी हातगाडी ओढत गेलं. चाक करकरत गल्लीच्या टोकापर्यंत गेलं तरी सासू बोलेना. टाचणीला हीच भीती होती. ती मासा सोडून तशीच उकिडवी बसून राहिली, हाताला खवले चिकटलेले.

"पाणी कुठे ओतलंस?" सासूने विचारलं.

"धक्क्यावरून. समुद्रात."

"गटारात नाही ना?"

"तुमचा हात मी गटारात ओतेन का, आई?"

"विचारलं आपलं. साबणाचं पाणी म्हणजे लोक ओततात." तिने तोंड समुद्राच्या दिशेने वळवलं. "माशांनी ओळखला असेल. बाई परत आली म्हणून पळाले असतील."

टाचणीने हाताचे खवले पुसले. ती म्हणाली, "मला सांगायचं होतं."

"सांगितलंस कुठे? चिडून ओकलीस. वेगळं असतं ते." सासूने दोन्ही हात मांडीवर ठेवले, ते तसेच अर्धवट मिटलेले राहिले. "आणखी कोणाला माहीत आहे?"

"दादाला."

"तो बडबड्या आहे?"

"नाही."

"मग इथेच राहू दे. गल्लीत तो हात माझा आहे. गल्लीने दिला होता, माझ्या एकटीचा नव्हता तो, विरघळला म्हणून सोडून द्यायला. आणि तुझ्या त्या नणंदेसमोर चकार शब्द काढलास तर याद राख." मग कपाळाला आठ्या घालून, "सुईने टोचलेलं ते बोट तुझं म्हणायचं."

"हो."

"आणि मला वादळ आठवलं." ती स्वतःवरच फुसकन हसली. "वादळ झालं होतं पण. ते खोटं नाही."

रात्री ती नीट जेवली. मीठ कमी आहे म्हणाली. पण त्यानंतर घरात त्या हाताचा विषय बंद झाला. कांदा कसाही चिरला तरी तिला चालायला लागलं आणि टाचणीला ते टोमण्यांपेक्षा जड जायला लागलं. पुढचं धुणं आलं त्या दिवशी सासू म्हणाली, गुडघा धरलाय. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाली, ऊन आहे. त्या दिवशी आभाळ भरलं होतं, आणि तेवढं तर तिच्या डोळ्यांनाही कळतं. टाचणीने हात खिडकीत ठेवले, कपडे धुतले, हात बसवले. स्टूल रिकामं राहिलं म्हणून पहारेकऱ्याने त्याच्यावर डबा ठेवला.

मग एकदा ती आली. सांगून नाही, नणंदेला घेऊनही नाही. गल्लीतल्या कुठल्या तरी पोराचं मनगट धरून आली आणि दारातूनच त्याला पिटाळलं. टाचणी तांबटाचा सदरा उतरवत होती. तिने डबा उचलला, सासूला बसवलं, आणि मग तिला कळेना की पुढे काय करायचं. द्यायचा की नाही द्यायचा? ती सदरा धरून उभी राहिली.

"काय बघतेस?" सासू म्हणाली. "दे की."

"कुठला?"

"कुठला म्हणजे? तांबटाचा घेऊन काय करू मी? आमच्या घरचा दे."

टाचणीने मासळीवालीच्या मनगटाला पाव फेरा दिला, हात काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. सासूने तो चाचपला नाही, तोललाही नाही. वाकड्या बोटांत जेवढा मावला तेवढा धरला आणि भिंतीला टेकली.

टाचणीने सदरा पुन्हा उचलला. मग बादली उचलून नळाकडे गेली, कारण सदऱ्याच्या कॉलरला पुन्हा बुरशी लागली होती.